तीस शिलिंगांची आच

मौआच्या चढावर कार्विथाकडे सिलिंडर आला,
डोक्यावर मीटर बसवलेला.
मोबाइलवरून तीस शिलिंग धाडले
की निळी ज्योत.

चहा तिच्यावर. पाहुणा आला तर अंडी.
मका-घेवडा मात्र अजून परसात, तीन दगडांवर;
तीन तास रटरटणाऱ्या भांड्याला
मीटर परवडत नाही.

आज चहा वर येता येता
टिंग वाजलं,
ज्योत गेली.
कार्विथा हसली स्वतःशीच,
भांडं पदराविना, नुसत्या बोटांनी उचलून
मागे नेलं,
गाल फुगवून निखारा जागा केला.

रात्री मुतुमा कुशीत शिरला,
तिचे केस हुंगत राहिला बराच वेळ.
"आई, तुला हल्ली धुराचा वास येत नाही,"
म्हणाला.
मग, खोटं नको म्हणून,
"येतो. थोडासाच."