सुतळी जेवत नाही

दिवाळीनंतर सुतळीने तोंड फिरवलं ते फिरवलंच.
वर्षाची पोर, शेंदरी पट्ट्यांची,
सरकारी पोर्टलवर रीतसर नोंद,
रेशनकार्डात तेवढं नाव नाही.

दर रविवारी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून
तिला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवते.
एकसष्ट. साठ.
संक्रांतीला अठ्ठावन्न ग्रॅम.
त्या काट्यावर आता साखर कोणी मोजत नाही.

फ्रीजरच्या वरच्या कप्प्यात सुरमई,
खालच्या कप्प्यात आइस्क्रीमच्या डब्यात
उंदरांची गोठलेली पिल्लं.
वर मार्करने लिहिलंय: उघडू नये.
सासूबाईंनी एकदा उघडला.
मग आठवडाभर
सुरमईलाही कोणी हात लावला नाही.

घणसोलीतली थंडी ती काय,
पहाटे पारसिकच्या डोंगरावरून उतरते
आणि नऊ वाजता कंपनीच्या बसने निघून जाते.
पण सुतळीला ती कळते.
डॉक्टर म्हणाले, ऋतू यांच्या अंगातच असतो, वाट बघा.
मी चिठ्ठीवर शोधलं,
वाट दिवसातून किती वेळा बघायची,
जेवणाआधी की नंतर.

फेब्रुवारी सरत आला.
खाडीत रोहित पक्षी दिवसभर
माना उलट्या घालून चिखल चाळताहेत
आणि आमच्याकडे हा निर्जळी उपास.

पेटीखालची गादी एकतीसवर ठेवली.
पिल्लू कोमट पाण्यात सोडलं,
डोकं जरा जास्तच तापवलं,
चिमट्यात धरून तिच्यासमोर हलवलं.
हा घास काऊचा म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं.
तिने जीभ काढली, दोनदा.
विचार केल्यासारखी थांबली
आणि वेटोळ्यात डोकं खुपसून बसली.

मागे दारात सासरे, जोमा म्हात्रे.
पायाच्या घोट्यावर फुरशाच्या दातांची खूण.
इथे सेक्टर नव्हते, खाचरं होती,
तेव्हा काठीखाली किती गेले, त्यांनी मोजले नाहीत.
ते काही न बोलता पुढे आले,
खांद्यावरचा पंचा काढून काचेवर टाकला.
"तिचे तोंडाकं काय बगतंस?
बगल्यावर कोन जेवल?"

दिवा घालवला. मला बाहेर काढलं.
हॉलमध्ये टीव्हीचा आवाज बंद करून
बातम्या नुसत्याच बघत बसले,
दाराकडे पाठ करून.

मला माझं पहिलं ताट आठवलं.
मी घाटावरची, ताटात खाडीचे निवटे,
भोवती सगळं घर, सून खाते कशी बघायला.
तेव्हाही हाच माणूस उठला होता,
पाणी आलंय का बघू म्हणत
सगळ्यांना अंगणात घेऊन गेला होता.
नळाला पाणी यायला तास होता अजून.

सकाळी पंचा उचलला.
चिमटा तिथेच, रिकामा.
आणि सुतळीच्या मधोमध
एक गाठ.

या रविवारी काटा काढायचा नाही,
अंगात मुरू दे, असं सांगण्यात आलंय.
आणि पंचा परत हवाय.
धुऊन, दोनदा.