मलिद्याचे पोहे

भायखळ्याच्या हॉलमागे, दुपारी तीनला,
नारळ खवायला आम्ही सहाजण.
चौघांना विळी म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं.
इस्तंबूलची राशेल तिच्यावर बसली, लगेच उठली.
म्हणाली, हे शस्त्र आहे.

बुडापेस्टचा गाबोर घड्याळ लावून पोहे भिजवत होता.
किती पाणी? किती मिनिटं?
मी म्हटलं, हाताला कळतं.
त्याच्या हाताला कळलं नाही.
पातेलंभर लगदा,
आणि सॅमसन अंकल ओरडले नाहीत, हेच नवल.

सकाळच्या बैठकीत 'समुदाय' हा शब्द
आम्ही इतका हाताळला
की जिन्याच्या कठड्यासारखा गुळगुळीत झाला.
देशोदेशीच्या तरुणांचं जाळं, पुढचं शिबिर, वर्गणी.
मी इतिवृत्त लिहीत होते.
पेणकर, रोहेकर, चिंचोलकर:
आमची आडनावं गावांची,
गावात राहिल्यात कबरी.
हे इतिवृत्तात नाही.

नारळ संपत आले तसं कुणीतरी
शनिवार मावळतानाचं स्तोत्र धरलं.
शब्द सगळ्यांचे एकच, चाली चार.
आमची कीर्तनाच्या वळणाची,
गाबोर तिच्यात दोनदा घसरला,
तिसऱ्यांदा टाळी बरोबर पडली.

राशेलने हळूच विचारलं,
तुझ्या वयाचे बाकीचे कधी येणार?
अश्दोद, मी म्हटलं. लोद. एक टोरोंटोला.
तिने मान हलवली. आमच्याकडेही असंच, म्हणाली,
आणि वेलची सोलू लागली.

नवे पोहे अंकलनी स्वतः भिजवले.
लगद्याचं पातेलं टाकायचं नव्हतं.
साखर घालून, जिन्यात बसून,
सहाजणांनी दोन चमच्यांत संपवलं.