मागचं नख

नंदुरबारला डिसेंबरात हवेलाच तिखट लागतं.
पथाऱ्यांवर मिरची, मिरचीवर ऊन, उन्हात शिंका.
माझं दुकान स्टेशन रोडला, जिन्याखाली:
लेबलं, पाकिटं, लग्नपत्रिका,
आणि 'तसंच पाहिजे, पण तेच नको' असली कामं.

असली कामं रात्री येतात.
माणूस पाकीट टेबलावर ठेवतो, बोलत नाही.
मी साळुंकीची साळुंखी करतो,
लाल जरा विटका, चोच जरा वर.
एका अक्षराचे तीन हजार.

या खेपेला काम दिवसाढवळ्या आलं.
फ्लेक्स, बारा बाय चार:
'व्यापारचिन्ह व बौद्धिक संपदा जागृती मेळावा,
भारत, केनिया, पोर्तुगाल यांचा संयुक्त उपक्रम.'
कोल्हे सरांनी 'द्धि' तीनदा तपासला.
चूक नको, म्हणाले, परदेशी पाहुणे आहेत.
पाहुण्यांना मराठी कुठं येतं, हे मी विचारलं नाही.

बिल घ्यायचं होतं म्हणून थांबलो, मागच्या रांगेत.
दुआर्ते नावाचा उंच माणूस प्रोजेक्टरशी भांडत होता.
तोवर नैरोबीची वांजिरू उठली,
हातात घायपाताच्या दोराची टोपली,
छातीशी धरून म्हणाली: चांगू.
हॉल हसला. कोणीतरी ओरडलं, मंगू कुठंय?
कोल्हे सर लाल झाले, म्हणाले,
त्यांच्या भाषेत याचा अर्थ 'माझं'.
माझ्या पुढची म्हातारी पदराआड पुटपुटली,
मनं.
आणि मग कोणी हसलं नाही.

वांजिरू सांगत होती, कोल्हे सर पोचवत होते:
तिच्या गावची टोपली दुसऱ्याच नावानं
दुसऱ्याच देशात काचेमागे बसते,
विणणारीला तिचा पत्ता ठाऊक नसतो.
नाव नोंदवा, म्हणाली. उशीर झाला तरी नोंदवा.
तिच्याकडे फॉर्म होते, द्वारकाबाईंकडे चष्मा नव्हता.

मग टेबलावर तिखटाची दोन पाकिटं.
सांगा, साळुंकी छाप खरी कुठली?
सगळा हॉल डावीकडे बोट दाखवत होता.
डावीकडची माझी होती.
सुबक, नीट, गेल्या पावसाळ्यातली.

खुद्द द्वारकाबाई,
ज्यांनी उखळापासून गिरणीपर्यंत ते नाव नेलं,
त्याही डावीकडेच बघत होत्या.

माझा हात कसा वर गेला, माहीत नाही.
उजवी, म्हटलं. पायाकडे बघा.
डाव्या पायाला मागचं नख नाही.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी माझ्या बापानं,
सुपडू पेंटरनं, ती काढली
एका पायली मिरचीवर.
नख राहिलं, असं मी लहानपणी दाखवलं,
तर ब्रश झटकत म्हणाला,
'सही कराले जागा कोठे शे, पोऱ्या?'

ते मी विसरलो होतो.
नक्कल करताना चूक दिसली
आणि दुरुस्त केली.

वांजिरूनं टोपली उलटी करून बुडाशी बोट ठेवलं,
काहीतरी दाखवत होती, माझ्याकडेच बघून.
मला दिसलं नाही. डोळ्यांत तिखट गेलं होतं,
नंदुरबारात ते कोणाच्याही जातं.

द्वारकाबाई वळल्या.
उजवं पाकीट त्यांनी ओटीत घेतलं.
डावं उचलून, शांतपणे, मला विचारलं,
'आणि ही कोणी काढली, भाऊ?'

बिल न घेताच आलो.

रात्री एक जण आला.
टेबलावर पाकीट ठेवलं, पापडाचं, बोलला नाही.
मी ते दिव्याखाली धरलं
आणि बराच वेळ शोधत बसलो
कुणी, कुठं, काय
मुद्दाम चुकवून ठेवलंय.