उबेत थोडी ढील

स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल,
त्यावर हेलिकॉप्टर, कवच काढून आडवं.
कॉफीचे कप खिडकीत सरकवलेत.
बाहेर नुर्मेस गावात दुपारी तीनलाच दिवे लागले,
आणि पिएलिनेन सरोवर कुठे संपतं,
आभाळ कुठे सुरू होतं,
ते आता मार्चपर्यंत कळायचं नाही.

एलिस एकेक लिंक काढतोय.
पक्कडीचा वाकडा ओठ नायलॉनखाली जातो,
टक्.
ज्वारीच्या दाण्याएवढी पोलादी गोळी उघडी पडते.
टक्.
चौदा मोजले मी.
सकाळपासून एवढंच बोलणं झालंय.

मागच्या रविवारची चूक माझी.
सत्तावीस वर्षं करवतीच्या पात्यांना धार लावतोय,
केसाएवढा फरक बोटाला कळतो
म्हणून गिरणीत थोडी ऐट आहे.
त्याच्या यंत्रात मला प्ले सापडला.
गोळीवर लिंक हलत होती. वाजत नव्हती, नुसती हलत होती.
तो शाळेत गेल्यावर मी नव्या लिंका चढवल्या,
सगळ्या घट्ट.
म्हटलं, पोराला बरं वाटेल.
हेनरीकाला बोलावून दाखवलंसुद्धा:
बघ, कसं एकजीव झालंय.

सरोवरावर उणे सतरा.
नायलॉन थंडीत आखडतं,
माझ्या पोलादाहून कितीतरी जास्त.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं;
मी कुणाला विचारलंही नव्हतं.
लिंकांनी गोळ्यांना धरलं ते सोडेचनात.
सर्वो कण्हला,
स्वॉशप्लेट एकीकडे कलून तशीच राहिली,
आणि हेलिकॉप्टर, मागून कुणी हाक मारावी तसं,
वळलं
आणि बर्फात शिरलं.

"माझ्यामुळे," मी म्हणालो.
"पाती मिळतात," एलिस म्हणाला.

सहा वर्षं मी या घरात आहे.
बूट अजून दाराच्या डाव्या कोपऱ्यात काढतो,
जिथे पाहुणे काढतात.

आज तो दाखवतोय, मी बघतोय.
लिंकवर एक बारीक अक्षर असतं, ते बाहेर हवं.
उलटी लावली तरी बसते,
पण मग आतल्या आत झिजत जाते.
दांडी आडवी धरून सोडायची,
स्वतःच्या वजनाने खाली यायला हवी.
नाही आली, तर बसल्या जागी पक्कडीने
हलकेच चेपायचं. फिरवून पुन्हा.
"जास्त नाही," तो म्हणतो.
माझा हात थांबतो.
"इथे उबेत थोडी हललीच पाहिजे.
तिकडे गेल्यावर बरोबर होते."

मग सगळं यंत्र उचलून त्याने बाल्कनीत ठेवलं,
अर्धा तास, बर्फाच्या फावड्याशेजारी.
आम्ही काचेतून बघत बसलो
जणू आत कुणाचं ऑपरेशन चालू आहे.
हेनरीका येऊन म्हणाली, काय बघताय?
दोघांनाही उत्तर सुचलं नाही.

शनिवारी उणे चौदा.
हेलिकॉप्टर गुडघ्याएवढं उठलं, थरथरलं.
"तांबड्या पट्टीचं पातं वर चाललंय."
खाली उतरवलं, पंखा थांबला.
मी हातमोजे काढून त्याच्याकडे दिले
आणि वाकलो.
"अर्धा फेरा?"
"अर्ध्याने अक्षर आत जाईल. पूर्ण एक."
त्याने रोटर दोन बोटांनी धरून ठेवला.
टक्.
एक फेरा. अक्षर बाहेर.
टक्.

त्याने लिंक हलवून पाहिली. पाहणारच.
मी असतो तर मीही पाहिली असती.
मग कोटाच्या आतून माझे हातमोजे काढले,
इतका वेळ पोटाशी धरलेले,
आणि न बघता
माझ्याकडे केले.