हातचा एक

ओलोमोउत्समध्ये नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात.
ब्लाजेना मात्र दिवे मालवून बसते तळघरात,
काळ्या पडद्याआड, पोलादी टेबलाशी,
जिथे प्रकाश इतका कमी
की तो आहे म्हणणं हेही जरा वाढवून सांगणं.

तोच वाढवायचा आहे.
आणि वाढवणं म्हणजे काय, ते तिला घरी कळलंय:
बापाच्या कानातलं यंत्र
तिचा आवाज मोठा करतं, ठीक,
पण चमचाही, नळही,
कोपऱ्यावर वळणाऱ्या ट्रामचं चाकही.
म्हातारा ओत्मार यंत्र काढून खिशात टाकतो, म्हणतो,
"बोल आता. ऐकू येत नाही, पण निवांत आहे."

निसर्गाचा नियमही तसाच, जकातीसारखा:
कुजबुज मोठी करून हवी?
मग थोडा गोंगाट पदरात घ्यावाच लागेल,
निदान अर्ध्या कणाइतका.
सूट नाही. ओळखपाळख नाही.

एक पळवाट आहे. वहीत पेन्सिलीनं लिहिलीय:
आधी एक फोटॉन मिळव.
मग एक काढून घे.
पहिलीतलं पोरही सांगेल, होतं तेवढंच उरलं.
पण नाही.
जे क्षीण होतं ते दुप्पट होऊन येतं
आणि गोंगाट जिथल्या तिथे.
क्रम मात्र उलटायचा नाही.
आधी काढलास आणि मग घातलास
तर त्या प्रकाशात मिसळलेलं जे नसणं असतं
तेच पुसलं जातं,
आणि नसण्याशिवाय तो प्रकाश तो राहत नाही.

साधत नाही, ही गोष्ट वेगळी.
लाख वेळा हुकतं.
पडद्यावर सपाट हिरवी रेघ, थर्मासमधला चहा कोमट,
आणि मग कधीतरी शोधकाची एकच टिक.
टिक म्हणजे: आत्ता. हा घे.
बाकीचे सोडून दे.

आज अकरा मिळाले. तिनं आकडा लिहिला,
कोट चढवला.

घरी शहाजिऱ्याचा पाव, उग्र वासाचं चीज.
ओत्मार फळीवरून ताटल्या काढतो:
एक, दोन, तीन.
थांबतो.
तिसरी पुन्हा फळीवर ठेवतो, अगदी हळू,
जसं कुणी झोपलंय शेजारच्या खोलीत.
आईला जाऊन एकोणीस महिने झाले.

यंत्र त्याच्या खिशातच आहे.
नळ गळतोय, ट्राम वळतेय, त्याला पत्ता नाही.
ब्लाजेनाची सुरी पावात अर्ध्यावर थांबलीय.

टेबलावर दोन ताटल्या.
हिशेब बरोबर आहे.