पोत्कुरी

कायानीची डॉक्टरीण म्हणाली, झोपेत श्वास मोजा.
मिनिटाला तिसाच्या आत असले तर ठीक.
परवा अठ्ठावीस. काल रात्री सव्वीस.
भिंतीवरच्या कॅलेंडरात, जिथे मी पूर्वी लिहायचो
कुठल्या रस्त्यावरचा बर्फ किती वाजता ढकलला,
तिथे आता तिचे श्वास लिहितो.

सव्वीस. म्हणजे चला.

पोत्कुरी म्हणजे काही फार नाही,
दोन लांब पोलादी पट्ट्या, त्यांवर लाकडी खुर्ची,
मागे उभं राहून एका पायानं रेटायचं.
आई हिच्यावरून दुकानात जायची,
खुर्चीत पिठाचं पोतं, पोत्यावर मी.
आता मेंढीच्या कातड्यावर तुइस्कू,
चौदा वर्षांची, कान गेलेले,
मागचे पाय कुणाकडून उसने आणल्यासारखे,
आणि ऐट अशी
की गाडी तिच्या मालकीची अन् मी पगारी.

तुइस्कू म्हणजे उडत्या बर्फाचं वादळ.
कधीकाळी नावाला जागायची.
तेव्हा तीच ओढायची ही गाडी,
छातीला पट्टा, पट्ट्याला दोरी,
मी मागे नुसता तोल सांभाळत, शिव्या घालत.
एकदा तळ्याच्या मधोमध ससा दिसला,
मला तिथेच पाडून
ती खुर्चीसकट पलीकडच्या काठाला.
रायली अजून सांगते ही गोष्ट.
दर वेळी ससा थोडा मोठा होतो.

मार्च. उजेड परत आलाय.
बर्फावरचं कवच सकाळी माणसाला पेलतं,
दुपारी पेलत नाही. म्हणून सकाळीच.
तळ्यावरची वाट स्प्रूसच्या फांद्या रोवून आखलेली.
पहिल्या फांदीशी ती मान वळवून बघते.
उतरवतो,
पोटाखालून टॉवेल घेऊन, दोन्ही टोकं माझ्या मुठीत.
हुंगते.
पूर्वी म्हणायचो, पुरे, चल, आणि ओढायचो.
कसली घाई होती, आता आठवत नाही.
थर्मासमधून कॉफी ओततो.
एका फांदीला अर्धा कप.
कोल्हा गेला असेल, कुणाच्या बुटाला माशाचे खवले असतील,
ती सगळं वाचते,
म्हातारी माणसं पेपरातल्या निधनवार्ता वाचतात तशी,
एकही न गाळता.

वाल्तो बादली उपडी घालून बसलेला, समोर बर्फातलं भोक.
कशी आहे, म्हणाला.
सव्वीस, म्हणालो.
त्यानं मान हलवली, जणू हवामानच सांगितलं.
मग एक बोटभर पर्च मासा तिच्यापुढे टाकला.
तिनं खाल्ला नाही. पंजाखाली धरून ठेवला,
आणि नाक भोकातल्या काळ्या पाण्यापाशी नेलं.
किती वेळ.
तिघंही तिथेच बघत राहिलो.
खाली काय होतं, तिलाच ठाऊक.

परतताना बसेना.
उचलून ठेवली, उतरली.
पुन्हा ठेवली, पुन्हा उतरली,
आणि लटपटत पुढे जाऊन उभी राहिली,
पट्ट्यांच्या टोकांमध्ये, तिच्या जुन्या जागी,
पाठ माझ्याकडे.
वाट बघत.
पट्टा घरी, खिळ्याला. तीन हिवाळे झाले.
मी मफलर सोडला, तिच्या छातीभोवती घातला,
दुसरं टोक गाडीला.

निघालो.
मफलर सैल होता, मधला भाग बर्फावरून लोळत होता.
मी मागून पाय मारत होतो, हळू, आणखी हळू,
तिच्या ढुंगणावर गाडी जाऊ नये इतकंच.
शेपटी वर.
ऐकू येत नाही तिला, ते एक बरं झालं.
माझा बूट केवढा घासत होता.

काठापर्यंत नाही.
तिसऱ्या फांदीपर्यंत.
मग तीच थांबली, वळून खुर्चीकडे बघितलं,
आज पुरे, मालकीण म्हणते तसं.

मासा वाल्तोपाशीच राहिला.