चौथा पुकारा

तीन वेळा नाव घ्यायचं, असा रिवाज.
मी सत्तावीस वर्षं घेतलं
सोलापूरच्या दिवाणी कोर्टाच्या दारात,
एक हात चौकटीला, मान जिन्याकडे.

'लिंबय्या कुडक्याल हाजिर है?'
एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा जरा घाईत,
कारण एप्रिल होता, पंखा बंद होता
आणि सूतवाल्या व्यापाऱ्याचे वकील
घड्याळाची काच अंगठ्यानं पुसत होते.

आत बाईसाहेबांनी पेन उचललं.
'प्रतिवादी गैरहजर. दावा एकतर्फी...'
केवढासा शब्द,
पण त्यात दुसऱ्या माणसाला बसायला जागा नाही.

पाणी प्यायला बाहेर आलो
तर बाकावर तो. अकरापासून.
मांडीवर पिशवी, पिशवीत हिशेबाची वही,
पुरावा म्हणून सुताच्या दोन कांड्या.
माझं तोंड हललेलं त्यानं तीनदा पाहिलं होतं.
त्याला वाटलं, दुसऱ्या कुणाला बोलावतोय.

साखर पेठेत चाळीस वर्षं माग चालवला.
मागानं कान कधीच वळते करून घेतले होते,
व्याजात.

मी धावलो नाही. शिपाई धावत नाहीत.
टेबलाशी वाकून म्हटलं,
'आलाय तो. ऐकू येत नाही त्याला.'
वकील हसले, 'मग सुनावणी कशी व्हायची?'
पेन थांबलं. कागदावर 'ए' उमटला होता,
पुढचं नव्हतं.
'ऐकायचं मला आहे, वकीलसाहेब.'

आधी तो नुसता खाली मान घालून उभा.
सुनावणी म्हणजे आपल्याला सुनावतात,
एवढंच त्याला माहीत.
मग बोलला, कारखान्यात बोलतात तसा, ओरडून,
अर्धं तेलुगू, अर्धं आमचं:
सूत कच्चं होतं, दर हाताला तुटायचं,
एक गठ्ठा परत नेऊन टाकला.
पावती? पावती कोण देतं ओ.
कांडी टेबलावर ठेवली.
बाईसाहेबांनी धागा ओढून पाहिला.
तुटला नाही.

निकाल दिवाळीच्या सुट्टीनंतर लागला.
पैसे भरावे लागले त्याला,
गठ्ठ्याचे तेवढे वजा.
मी आकडा त्याच्या वहीत लिहून दिला.
त्यानं दोनदा बेरीज केली, बोटांवर,
आणि विचारलं,
'माझ्या कांड्या परत मिळतील का?'

पुढं रिटायर होईपर्यंत
तीन पुकारे झाले की मी जिन्यापर्यंत जायचो,
बाकाबाकाशी थांबून
नावाची चिठ्ठी प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर धरायचो.
नियमात नव्हतं.
कुणी विचारलंही नाही.